पॉवर उपकरण घ्यायचंय : डीलरकडून की मोठ्या स्टोअरमधून?

चेनसॉ, ब्रशकटर, लॉनमोअर, प्रेशर वॉशर, जनरेटर. यातलं काहीही पहिल्यांदा घ्यायला निघालं की दोन वाटा समोर येतात. एक अधिकृत डीलरची: दुकान बेताचं, मागे वर्कशॉप, किंमत थोडी चढी. दुसरी मोठ्या स्टोअरची किंवा ऑनलाइन विक्रीची: रांगेत मांडलेले खोके, सवलतीचे फलक, उचला आणि चालू पडा. किमतीतला फरक बिल करताना लगेच दिसतो. त्या फरकात काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते मात्र मशीन पहिल्यांदा बंद पडतं तेव्हा कळतं. म्हणून हा लेख दुकानापासून सुरू होत नाही. आधी काम, मग मॉडेल, मग स्पेअर आणि सर्व्हिस, आणि दुकान सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर कोणत्या दुकानात जायचं याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

पायरी १ : वर्षाचे तास मोजा

‘थोडंफार काम आहे’ या वाक्यावरून मशीन निवडता येत नाही. तास काढा. आठवड्याला ४० मिनिटं गवत कापायचं आणि हंगाम ३० आठवड्यांचा असेल, तर वर्षाचे २० तास झाले. चेनसॉचा हिशेब करताना चेन लाकडात असते तेवढाच वेळ धरू नका. इंजिन चालू असतं तो सगळा वेळ धरा.

आमचा ठोकताळा असा: वर्षाला २०-२५ तासांपर्यंत काम असेल तर घरगुती दर्जाचं मशीन पुरतं आणि ते कुठूनही घेता येतं. त्यापुढे शंभर तासांपर्यंत मधल्या दर्जाचं मशीन लागतं, आणि तिथून सर्व्हिस महत्त्वाची होऊ लागते. शंभरच्या वर काम असेल, किंवा मशीनवर रोजची कमाई अवलंबून असेल, तर व्यावसायिक दर्जाचं मशीन आणि चांगला डीलर या दोन्ही गोष्टी लागतातच. इथे स्टोअरमधली बचत पहिल्याच मोठ्या बिघाडात निघून जाते, कारण मशीन दुरुस्तीला पडून असतं तेवढे दिवस काम थांबतं.

तासांबरोबर कामाचा प्रकारही लिहून ठेवा. कोवळं गवत की काटेरी झुडूप, २० सेंटीमीटरची फांदी की ५० सेंटीमीटरचं खोड, फक्त दिवे-पंखे की पाण्याचा पंप. पंपासारखी मोटर सुरू होताना चालू वीजेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त वीज क्षणभर खेचते. जनरेटर घेताना हा आकडा विसरला की घरी आणल्यावर दिवे लागतात, पण पंप उचलत नाही.

पायरी २ : पूर्ण मॉडेल क्रमांक वाचा

‘स्टोअरमध्ये त्याच कंपनीचं मशीन हलकं बनवून देतात’ असं सर्रास ऐकू येतं. यात अर्धं तथ्य आहे. पूर्ण मॉडेल क्रमांक, म्हणजे शेवटची अक्षरं आणि प्लेटवरचा टाइप किंवा प्रॉडक्ट कोड धरून, दोन्हीकडे तंतोतंत एकच असेल तर मशीन एकच असतं. ते डीलरकडून घेतलं म्हणून आतला पिस्टन बदलत नाही. फरक पडतो तो क्रमांक वेगळा असताना. एकच कंपनी घरगुती मालिका स्टोअरला देते आणि व्यावसायिक मालिका डीलरकडे ठेवते. रंग तोच, बोधचिन्ह तेच, आकारही जवळपास तोच. आतला माल मात्र निराळा. होंडाच्या इंजिनांत जीएक्स मालिका व्यावसायिक वापराची आहे आणि जीसीव्ही घरगुती. हुस्कवार्नाच्या चेनसॉमध्ये एक्सपी ही व्यावसायिक मालिका आहे. स्टिलसारख्या काही कंपन्या तर मुख्यतः डीलरमार्फतच विकतात, त्यामुळे तिथे तुलनेचा प्रश्न फारसा येत नाही.

आत नेमका फरक कुठे असतो ते ओळखायला शिका.

चेनसॉमध्ये क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा ज्यात बसतो ते कवच, बघा. व्यावसायिक सॉचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या दोन उभ्या अर्ध्या भागांचा, बोल्टने जोडलेला असतो. घरगुती सॉमध्ये बहुधा इंजिनाचा ठोकळा वेगळा असतो आणि तो प्लॅस्टिकच्या बॉडीत बसवलेला असतो. दुसरा प्रकार वाईट नव्हे, हलका आणि स्वस्त पडतो; पण सिलेंडर बदलायचा झाला तर जवळजवळ सगळं मशीन उघडावं लागतं. मजुरी इतकी वाढते की दुरुस्ती परवडत नाही.

राइडिंग मोअरमध्ये, म्हणजे बसून चालवायच्या मोअरमध्ये, कटिंग डेक (ब्लेडवरचं आवरण) दाबून घडवलेल्या पातळ पत्र्याचा आहे की जाड पत्रा वेल्ड करून बनवलेला, ते हात फिरवून कळतं. स्पिंडलला (ब्लेड फिरवणारा दांडा) ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे का ते बघा. हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरबॉक्सचं ऑइल बदलता येतं की तो सीलबंद आहे, हे विचारा. सीलबंद असेल तर तो गेला की आख्खा बदलावा लागतो.

प्रेशर वॉशरमध्ये इंजिनापेक्षा पंपाकडे लक्ष द्या. स्टोअरमधल्या बहुतेक मशीनला अ‍ॅक्शियल पंप असतो: लहान, थेट इंजिनाच्या शाफ्टवर बसवलेला, पुष्कळदा दुरुस्ती न होणारा. व्यावसायिक मशीनला ट्रिप्लेक्स पंप असतो. त्यात सील, व्हॉल्व्ह आणि ऑइल बदलता येतं, त्यामुळे तो कित्येक पटींनी जास्त टिकतो. पंप कुठलाही असो, ट्रिगर सोडून इंजिन चालू ठेवू नका. पाणी पंपातल्या पंपात फिरत राहतं, दोन-तीन मिनिटांत तापतं आणि सील जळतात.

जनरेटरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुधा क्षणिक कमाल वॅटचा असतो. सतत चालण्याचा आकडा खाली लहान अक्षरात सापडतो, आणि निवड त्याच आकड्यावर करायची. अल्टरनेटरचं (वीज तयार करणारा भाग) वाइंडिंग तांब्याचं की अ‍ॅल्युमिनियमचं, हेही विचारा. समुद्रसपाटीपासून वर गेलं की हवा विरळ होते आणि साध्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी तेवढी शिल्लक धरूनच मशीन घ्यावं.

हॉर्सपॉवरच्या आकड्यालाही दोन तोंडं आहेत. ‘ग्रॉस’ शक्ती मोजताना एअर फिल्टर आणि सायलेन्सर काढलेला असू शकतो. ‘नेट’ शक्ती मशीन प्रत्यक्ष चालतं तशी मोजतात. एका मशीनवर ग्रॉस आणि दुसऱ्यावर नेट लिहिलेलं असेल तर ती तुलनाच होत नाही. अशा वेळी सीसी आणि वजन बघून ठरवणं बरं.

पायरी ३ : सुट्या भागांची परीक्षा

सगळ्या पायऱ्यांमध्ये कंटाळवाणी हीच, आणि टाळू नये अशीही हीच. मॉडेल पक्कं करण्याआधी त्याचा पार्ट्स डायग्राम मिळतो का ते बघा: एकेक भाग सुटा करून दाखवणारं चित्र आणि प्रत्येकापुढे पार्ट नंबर. चांगल्या कंपन्या तो उघड ठेवतात. डायग्राम कुठेच सापडत नसेल तर ते मशीन एकदा बिघडलं की फेकण्यासाठीच बनवलंय, असं समजायला हरकत नाही.

डायग्राम मिळाल्यावर हे सहा भाग शोधा: एअर फिल्टर, कार्ब्युरेटर किंवा त्याचा डायफ्रॅम किट, स्टार्टर असेंब्ली, इग्निशन कॉइल, क्लच ड्रम आणि प्रायमर बल्ब. टिलर (माती भुसभुशीत करणारं यंत्र) किंवा ऑगर (खड्डे पाडणारं यंत्र) असेल तर शिअर पिनही. मग पार्ट नंबर घेऊन डीलरला किंवा स्पेअरच्या दुकानाला विचारा: आत्ता काउंटरवर आहे का, नसेल तर किती दिवसांत येईल, किंमत किती? सहापैकी चार भाग हाताशी असतील तर मशीन ठीक. स्टोअरच्या स्वतःच्या ब्रँडची मशीन इथे बहुतेक वेळा अडकतात, कारण बनवणारा कारखाना दर एक-दोन वर्षांनी बदलू शकतो आणि जुन्या मॉडेलचे भाग मिळेनासे होतात.

शिअर पिनबद्दल जरा थांबून सांगायला हवं. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. दगड अडकला की आधी पिन तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा, यासाठी. खरा पिन मिळाला नाही म्हणून त्या जागी साधा कडक बोल्ट ठोकला जातो, आणि पुढच्या दगडाला गिअरचे दात जातात. एवढासा भाग वेळेवर न मिळाल्याचा खर्च असा वाढत जातो. म्हणून मशीनसोबतच चार-सहा पिन घेऊन टूलबॉक्समध्ये टाका.

पायरी ४ : विकत घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन

स्टोअरमध्ये विचारलं की उत्तर येतं, ‘वॉरंटी कंपनीची आहे, सर्व्हिस सेंटर जवळच आहे.’ त्या सेंटरचं नाव लिहून घ्या आणि स्वतः फोन करा. विचारायचं ते थोडक्यात असं:

– या मॉडेलचं वॉरंटीचं काम तुम्ही करता का? मशीन तुमच्याकडून घेतलेलं नसलं तरी?
– ऐन हंगामात मशीन आणलं तर किती दिवसांनी हातात मिळेल?
– तपासणीचे पैसे वेगळे का? दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा होतात का?
– मोठं मशीन घरून न्यायची सोय आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. गवताचा हंगाम सुरू झाला की वर्कशॉपमध्ये रांग लागते आणि बहुतेक डीलर स्वतः विकलेली मशीन आधी घेतात. यात त्यांचं चूक काही नाही. आपल्या गिऱ्हाइकाला ते तसा शब्द देऊन बसलेले असतात. स्टोअरमधून आलेलं मशीन मात्र रांगेत मागे जातं, आणि काही वर्कशॉप ते घेतच नाहीत. डीलरकडे मोजलेल्या जादा पैशातला मोठा वाटा याच जागेचा असतो. ती जागा तुम्हाला हवी आहे की नाही, हे पहिल्या पायरीतल्या तासांवरून ठरवा.

पायरी ५ : वॉरंटीचा कागद

वर्षांचा मोठा आकडा वाचून थांबू नका. बारीक अक्षरांत तीन गोष्टी शोधा.

पहिली, घरगुती आणि व्यावसायिक वापराचे वेगळे कालावधी. घरगुती वापरासाठी २ वर्षं आणि व्यावसायिक वापरासाठी फक्त ९० दिवस, अशी वॉरंटी या क्षेत्रात नेहमी दिसते. पैसे घेऊन दुसऱ्याच्या अंगणातलं गवत कापलं की तो व्यावसायिक वापर झाला.

दुसरी, इंधनाची अट. जुनं पेट्रोल, पाणी मिसळलेलं पेट्रोल किंवा मर्यादेपेक्षा जास्त इथेनॉल असलेलं पेट्रोल यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. बहुतेक लहान इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा १० टक्के इथेनॉलची असते. लहान इंजिन चालू न होण्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त इंधनामुळेच येतात, त्यामुळे ही अट किरकोळ समजू नका.

तिसरी, नोंदणी. काही कंपन्या ठरावीक दिवसांत नोंदणी केली तरच पूर्ण कालावधी देतात. डीलर ती बिल करतानाच करून देतो. स्टोअरमधून घेतलं तर तुम्हालाच करावी लागते, आणि पुष्कळांची राहून जाते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि मशीनवरच्या प्लेटचा फोटो काढून ठेवा. दोन वर्षांत प्लेटवरची अक्षरं तेलाने आणि धुळीने पुसट होतात.

स्टोअर वर आणखी ‘वाढीव वॉरंटी’ विकायला बघेल. ती बहुधा तिसऱ्याच कंपनीची असते. दुरुस्ती कोण करणार आणि कुठे, याचं उत्तर काउंटरवर मिळत नसेल तर ते पैसे ऑइल आणि फिल्टरवर खर्च करा.

पायरी ६ : डीलर चांगला की नुसता बोर्डावरचा

सगळेच डीलर सारखे नसतात. वर्कशॉप बघायला मागा. दुरुस्तीच्या मशीनवर तारीख आणि तक्रार लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत का, स्पेअरच्या फळ्या भरलेल्या आहेत का, चेनला धार लावायची सोय आहे का, हे पाच मिनिटांत दिसतं. विक्रेता तुमच्या कामाबद्दल विचारतो की थेट महागड्या मॉडेलकडे घेऊन जातो, तेही बघा. ‘तुम्हाला एवढं मोठं लागणार नाही’ असं म्हणणारा डीलर धरून ठेवावा. वर्कशॉप नसलेला, फक्त खोके विकणारा डीलर मात्र स्टोअरपेक्षा महाग पडलेलं स्टोअरच झालं; त्याला जादा पैसे द्यायचं कारण नाही.

चांगला डीलर मशीन द्यायच्या आधी तपासणी करतो. ही तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. त्यात हे यायला हवं: ऑइल भरून पातळी दाखवणं, नटबोल्ट पान्याने आवळणं, ब्लेडचा बोल्ट टॉर्क पान्याने बसवणं, थंड मशीन सुरू करून दाखवणं, गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करणं आणि आयडल, म्हणजे थ्रॉटल (वेगाचा खटका) न दाबता इंजिन कसं चालतं ते, तपासणं. चेनसॉ आणि ब्रशकटरमध्ये थ्रॉटल सोडल्यावर चेन किंवा ब्लेड पूर्ण थांबलंच पाहिजे. आयडलला चेन सरकत असेल तर मशीन हातात घेऊ नका. ज्या सॉच्या कार्ब्युरेटरला हाताने बसवायचे स्क्रू असतात, त्याचे कमाल आरपीएम टॅकोमीटर लावून बघितलेले असावेत. हवा-पेट्रोलचं मिश्रण फार पातळ (पेट्रोल कमी) असेल तर इंजिन आधी झकास पळतं आणि मग आतून जळतं.

मग स्टार्टरची दोरी स्वतः ओढून बघा. नंतर घरी तुम्हालाच ओढायची आहे.

पायरी ७ : स्टोअरमधून घेतलं तर डीलरचं काम तुमच्याकडे

स्टोअरमधून घेणं यात कमीपणा काही नाही. काम कमी तासांचं, मॉडेल नावाजलेलं, स्पेअर मिळतात आणि सर्व्हिस सेंटरने फोनवर ‘हो’ म्हटलंय, तर पैसे वाचवा. फक्त तपासणी आता तुम्हाला करायची आहे. ती अशी.

खोका बंद असलेलाच घ्या. सेलोटेप दोनदा लावलेली दिसली तर दुसरा मागा. परत आलेलं मशीन असू शकतं. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. नव्या मशीनच्या टाकीत शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास येत नाही. फर्निचरसारखं मांडून ठेवलेलं डिस्प्लेचं मशीन भरपूर सवलतीतच घ्या, आणि त्याचे सगळे सुटे भाग व मॅन्युअल मोजून घ्या. परत करण्याचा नियम आधी विचारा: पुष्कळ ठिकाणी टाकीत एकदा पेट्रोल पडलं की मशीन परत घेत नाहीत. म्हणजे पेट्रोल ओतण्याआधीची सगळी तपासणी फुकट, नंतरची तुमच्या खर्चाने.

घरी आल्यावर पेट्रोलआधी ऑइल. फोर-स्ट्रोक मशीन, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलपासून वेगळं भरतात ते, खोक्यात बहुधा ऑइलशिवाय येतं. दोरीला तशी सूचना बांधलेली असते आणि तीच आधी फाडून टाकली जाते. १६० ते २०० सीसीच्या इंजिनात साधारण ५०० ते ६०० मिली ऑइल लागतं, पुष्कळ इंजिनांना एसएई १०डब्ल्यू-३०. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. मशीन सपाट जागी ठेवा, थोडं थोडं ओता आणि डिपस्टिक बघत जा. डिपस्टिक फिरवून आवळून मोजायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं आणि इथेच चूक होते. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरमध्ये जातं, पांढरा धूर येतो आणि ‘नवं मशीन खराब निघालं’ अशी तक्रार होते. ऑइलविना इंजिन सुरू केलं तर काही मिनिटांत ते कायमचं जातं, आणि वॉरंटीही.

टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. मापाच्या बाटलीने मोजा, झाकणाने अंदाज घेऊ नका. ऑइलच्या डब्यावर जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी हा दर्जा बघा. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. हवेवर थंड होणाऱ्या सॉमध्ये ते घालू नका. आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवा. महिन्यात संपेल तेवढंच बनवा, आणि कॅनवर तारीख व ‘मिश्रण’ असं ठळक लिहा. साधं पेट्रोल आणि मिश्रण यांचे कॅन वेगवेगळ्या रंगांचे ठेवले तर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातूनही गोंधळ होत नाही.

पुढचं यंत्राप्रमाणे बदलतं. राइडिंग मोअरच्या टायरमध्ये वाहतुकीसाठी जादा हवा भरलेली असू शकते. मॅन्युअलप्रमाणे कमी करा, नाहीतर डेक तिरका राहतो आणि गवत पायऱ्यापायऱ्यांनी कापलं जातं. ब्रशकटरचं ब्लेड आवळणारा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसताना जोर लावून तो आणखी आवळला जातो आणि शेवटी आटे जातात. गिअरहेडमध्ये ग्रीस आहे का तेही बघा.

चेनसॉच्या बारच्या (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) खोबणीची रुंदी, चेनचा पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप) आणि ड्राइव्ह लिंकची (खोबणीत बसणारी कडी) संख्या हे तिन्ही आकडे बारवर कोरलेले असतात, ते लिहून ठेवा. पुढची चेन घेताना नुसती इंचातली लांबी सांगून भागत नाही. धार लावायची गोल कानसही पिचप्रमाणे लागते: ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर, .३२५ चेनला बहुधा ४.८ मिलिमीटर. नवी चेन पहिल्या काही कापांतच सैल होते. तेव्हा थांबा, चेन थंड होऊ द्या आणि मग ताण द्या. गरम चेन आवळली तर थंड होताना ती आखडते आणि बेअरिंगवर ताण येतो. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत चेन ऑइलची टाकीही जवळपास संपायला हवी. ऑइल उतरतच नसेल तर बारचं भोक तुंबलंय किंवा पंप चालत नाही. तसंच काम रेटलं तर बार निळा पडतो.

बॅटरीवरच्या यंत्रांचं गणित वेगळं

इथे स्टोअरचं पारडं बरंच जड होतं. कार्ब्युरेटर नाही, मिश्रण नाही, ऑइल बदलणं नाही. त्यामुळे डीलरची तपासणी कमी मोलाची ठरते. लक्ष द्यायचं ते बॅटरीकडे. ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ यांत मूळ फरक नाही: दोन्हीकडे लिथियमचे पाच सेल, पूर्ण चार्जला प्रत्येकी साधारण ४ व्होल्ट आणि सरासरी ३.६. तुलना वॅट-तासांवर करा, म्हणजे व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर-तास. १८ व्होल्ट आणि ४ अ‍ॅम्पिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. ३६ व्होल्ट आणि २ अ‍ॅम्पिअर-तास म्हणजेही तेवढेच.

बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. दोन वर्षं गोदामात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. फार खाली गेली तर चार्जर ती घेतच नाही. पहिली बॅटरी घेताना तुम्ही त्या कंपनीच्या सगळ्या यंत्रांशी बांधले जाता, त्यामुळे पुढे काय काय लागेल याचा विचार आधीच करा. सुट्या बॅटरीची किंमतही आजच विचारा. पुष्कळदा ती यंत्राच्या निम्म्याच्या वर जाते. हंगाम संपला की बॅटरी साधारण अर्ध्या चार्जवर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

पायरी ८ : पहिले तास आणि पहिली दुरुस्ती

नव्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं: काही कंपन्या ५ तासांनी सांगतात, काही २० तासांनी. घासून निघालेले धातूचे कण त्या ऑइलमध्ये असतात. महिनाभरापेक्षा जास्त काळ मशीन वापरायचं नसेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. ते पाणी इथेनॉलसह तळाला बसतं आणि कार्ब्युरेटरमध्ये गंज व चिकटा होतो. मोअर ब्लेड साफ करायला आडवा करताना आधी प्लगची वायर काढा, आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

बिघाड वॉरंटीत बसतो की नाही, हे मेकॅनिक कसं ठरवतो ते माहीत असलेलं बरं. टू-स्ट्रोक मशीन बंद पडून आलं की तो सायलेन्सरचे स्क्रू काढतो, दोरी हळू ओढून पिस्टन वर-खाली करतो आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टनकडे बघतो. पिस्टनची बाजू गुळगुळीत हवी, कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा त्यावर दिसत असाव्यात. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि सिलेंडरवर चोपडलेलं अ‍ॅल्युमिनियम दिसलं, तर ऑइल नसलेलं पेट्रोल घातलंय किंवा हवा-पेट्रोलचं मिश्रण फार पातळ चाललंय. इनटेकच्या बाजूला मळकट, कानसल्यासारखी झीज दिसली, तर फाटक्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरमधून धूळ गेलीय. पाच मिनिटांचं काम, आणि वॉरंटीचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. वापरलेला सॉ विकत घेतानाही हीच तपासणी करून घ्या; नकार मिळाला तर सौदा सोडा.

स्टोअरमधून घेतलेलं मशीन डीलरच्या वर्कशॉपमध्ये न्यायची वेळ आली तर तयारीने जा. मशीन पुसून न्या, बिल आणि सीरियल नंबर सोबत ठेवा. टाकीतलं पेट्रोल ओतून टाकू नका. मेकॅनिकला ते बघायचं असतं. काय झालं ते क्रमाने सांगा: थंड असताना सुरू होतं का, गरम झाल्यावर बंद पडतं का, थ्रॉटल दिल्यावर मरतं का. घरी कार्ब्युरेटर उघडून स्क्रू फिरवले असतील तर तेही सांगा, म्हणजे शोधण्याचा वेळ आणि त्याची मजुरी वाचते. कामाआधी अंदाजपत्रक लेखी घ्या. आकडा नव्या मशीनच्या निम्म्याच्या पुढे जात असेल आणि मशीन घरगुती दर्जाचं असेल, तर दुरुस्ती थांबवा. आणि दुरुस्ती झालीच, तर बदललेले जुने भाग परत मागून घ्या. त्यावरचे पार्ट नंबर पुढच्या वेळी उपयोगी पडतात.